अंधारात न दिसलेला रंग

"हे विष नाही. रक्त आहे."

डॉक्टरसाहेब हे मला सांगत नव्हते. माझ्या खाटेच्या पायथ्याशी एक हवालदार उभा होता, टोपी काखेत मारून, त्याला सांगत होते. माझ्या नाकातून नळी घातलेली होती. त्या नळीतून बर्फाचं पाणी पोटात सोडायचे आणि पुन्हा ओढून घ्यायचे. येणारं पाणी काळपट. डॉक्टर सिस्टरला म्हणाले, कॉफीच्या चोथ्यासारखं आहे. मी कॉफी कधी प्यायलेली नव्हते. मला ते ओल्या चहापत्तीसारखं दिसलं.

हवालदार हटेना. "पण साहेब, पोरगीच तर म्हणते की बाईनं काहीतरी घेतलं."

"पोरगी घाबरलीय. तुम्ही जरा बाहेर थांबा."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. तरुणच होते, डोळे जागरणानं लाल झालेले. म्हणाले, "बाई, गेले काही दिवस शौचाला काळं होत होतं का? डांबरासारखं, चिकट?"

मी म्हटलं, "साहेब, आम्ही अंधारात जातो. रंग कोणाला दिसतो?"

त्यांनी मग विचारलं, "गुडघ्याची, कंबरेची काही गोळी घेता?"

"घेते."

"कधीपासून?"

"आंब्याचे दिवस होते तेव्हापासून." आणि आता तर थंडी पडली होती, हुरडा संपत आला होता.

"आणि पोट दुखायचं तेव्हा काय घ्यायचात?"

"तीच. दुखण्याचीच गोळी ना ती?"

डॉक्टर म्हणाले, "बाई, ज्या गोळीनं पोट फाडलं तिलाच तुम्ही पोट शिवायला बोलावत होतात."

ते चिडून बोलले नाहीत, थकून बोलले. पण ते वाक्य कानात गेलं आणि माझ्या डोळ्यांपुढे माझी धाकटी जाऊ वत्सला उभी राहिली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओठ गुलाबी झालेले, जीभ बाहेर काढून मला दाखवतेय आणि हसतेय. ते हसणं मला आजही दिसतं.

बायांनो, आता नीट पहिल्यापासून सांगते. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती शेजारच्या मुलांच्या पाटीवरून, म्हणून लिहिण्यात इकडचं तिकडं होईल. पण आजारपण माझंच आहे, त्यात चूक होणार नाही.

आम्ही नाशिकला राहायचो, गावाच्या कडेला आमच्या समाजाची वसाहत होती तिथं. मालक एका शाळेत शिपाई. मी घरी बसून विड्या वळायची. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची; दातांना मिश्री चालूच. उठायला गेलं की गुडघे कुरकुर करायचे. माझे दीर दामूभाऊजी आणि वत्सला सायखेड्याला, गोदावरीच्या काठाला. थोडी जमीन, बाकी मजुरी. वत्सला कांद्याच्या लावणीला जायची. कांदा लावायचा म्हणजे दिवसभर वाकून राहायचं, कंबर सरळ करायला मुकादम सवड देत नाही. तिची कंबर कायम धरलेली असायची.

मी सणावाराला गेले की ती पदराची गाठ सोडून मला एक पुडी दाखवायची. आत गुलाबी गोळ्या. वरून साखरेचं कवच. "आक्का, चाटून बघ, गोड हाय. औषध कसलं, लेकरांची गोळी हाय ही." आणि कवच चाटून ओठ रंगवून घ्यायची, मग गिळायची. पहाटे, कोऱ्या चहाबरोबर. भाकरी मळ्यात गेल्यावर, उन्हं वर आल्यावर. मी म्हणायची, "काहीतरी खाऊन घे गं." ती म्हणायची, "खात बसले तर मुकादम काय त्याच्या बायकोला धाडील का कांदे लावाया?"

एके दिवशी भल्या पहाटे कामाला निघता निघता तिला ओकारी झाली. काळीकुट्ट. चक्कर येऊन चुलीपाशीच पडली. बैलगाडीत घालून निफाडच्या रस्त्याला लागले, वाटेतच संपली. सगळं तिच्या लेकीच्या डोळ्यांदेखत. लेक रेखा, तेव्हा पहिलीत.

गावानं दुपारच्या आत ठरवून टाकलं, वत्सलानं विष घेतलं. तोंडाला काळं आलं, दुसरं काय असणार? नवऱ्याशी भांडली असेल. दामूभाऊजी माणूस गरीब, तोंडातून शब्द निघत नाही, त्यामुळे लोकांचं आणखी फावलं. डॉक्टर नाही, तपासणी नाही. उन्हं कलायच्या आत अग्नी दिला.

मी पोचले ती सगळं उरकल्यावर. दुसऱ्या दिवशी चुलीच्या कोपऱ्यात एक टोपलं दिसलं. झाकण काढलं तर आत ओल्या फडक्यात बांधलेली मटकी. फडक्याच्या विणीतून मोड बाहेर आलेले, बोटाच्या पेराएवढे. जायच्या आदल्या संध्याकाळी वत्सलानंच भिजवून बांधली असणार. जमलेल्या बायकांना मी ते दाखवलं. म्हटलं, "जीव द्यायचा असलेली बाई उद्याच्या उसळीची मटकी बांधेल का?"

एक म्हातारी म्हणाली, "आगं, रागाला काय मटकी आडवती का?"

 वत्सलानं विष घेतलं हे मला कधी पटलं नाही, पण मग कशानं गेली हे सांगायला दुसरं काही नव्हतं. मटकी गाईला घातली. रेखाला आम्ही नाशिकला घेऊन आलो. ती मला मोठी आई म्हणायला लागली. पोर गुणी, अभ्यासात हुशार, पण ताटात मटकी आली की ताट सरकवायची. मी कधी कारण विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. आईबद्दल तर एक शब्द नाही. शाळेत कोणी काही बोलायचं का? बोलत असणार. सायखेड्याची माणसं नाशकात काय कमी आहेत!

आता माझं. माझा उजवा गुडघा सुजला तेव्हा एका डॉक्टरांनी मला वत्सला घ्यायची त्याच जातीची गोळी लिहून दिली. आयब्युप्रोफेन तिचं नाव. सूज उतरवते आणि ठणका मारते. त्यांनी थोड्याच दिवसांसाठी दिली होती, जेवणानंतर घ्या म्हणून बजावलंही होतं. पण गुडघा मोकळा झाला, सूप भराभर रिकामं व्हायला लागलं, आणि मग नाक्यावरच्या दुकानातून मी आपली आपण आणायला लागले. चिठ्ठी कोणी विचारत नव्हतं. जेवणानंतरची सकाळी चहावर आली, ते कसं आणि कधी, मला आठवतही नाही.

दिवाळीच्या सुमाराला पोटात आग पडायला लागली. बेंबीच्या वर, छातीच्या खाली. काही खाल्लं की थांबायची, पुन्हा सुरू. तेव्हा मी काय करावं? दुखतंय म्हणून गोळी घ्यायची. ठणका जरा बोथट व्हायचा, मग दुप्पट. मग दुसरी गोळी. दम लागायला लागला. नळावरून हंडा आणताना डोळ्यांपुढे काजवे. शेजारच्या गंगूबाई म्हणाल्या, "वय झालं बाई आता, कामं कमी करा." मी हसण्यावारी नेलं.

रंगाचं सांगायचं राहिलं. वसाहतीत सगळ्यांना मिळून संडास होते, नळाच्या पलीकडे. सकाळी पुरुषांची रांग लागायची, म्हणून आम्ही बायका उजाडायच्या आत जाऊन यायचो. दिवा नाही. बल्ब लावला की दुसऱ्या दिवशी गायब. गावाकडे तर शेतातच जायचं, तेही झुंजूमुंजू व्हायच्या आधी. बाईनं कोणाला दिसू नये अशी रीत. त्या रीतीत बाईला स्वतःचंही काही दिसत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वास मात्र वेगळा यायचा, उग्र, कुजका. मला वाटायचं संडासाचाच आहे.

आणि मग एका सकाळी, चहाचं आधण ठेवलेलं असताना, माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मोरीपर्यंतही पोचले नाही. फरशीवर काळं पसरलं. मी भिंतीला टेकले, हातपाय गार. रेखा दप्तर भरत होती. तिनं फरशी बघितली आणि दप्तर हातातून सुटलं.

ती ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "मोठी आई, तू पण घेतलंस?"

मला बोलायचं होतं, जीभ उचलेना. मी मान हलवली, पण माझी मान बाजूला कलतच होती, तिला त्यातून काय कळणार? मालकांनी रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यात मला आत घेतलं, आणि काय झालं म्हणून विचारल्यावर रेखानं सांगून टाकलं, "विष घेतलं. माझ्या आईनं पण घेतलं होतं." म्हणून हवालदार. माझ्या मालकांना बाहेरच्या बाकावर बसवून विचारत होते, बाईला मारता का, दारू पिता का. ज्यांनी आयुष्यात माझ्यावर हात उचलला नाही त्यांना! सायखेड्याला दामूभाऊजींना लोकांनी हेच विचारलं होतं. फरक इतकाच की इथं एक डॉक्टर होता.

त्यानंतरचे दिवस तुटक आठवतात. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फार कमी निघालं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला तो लाल अंश जो श्वास सगळ्या अंगाला पोचवतो. तो गळून गेला म्हणून मला दम लागत होता, वय झालं म्हणून नव्हे. मग रक्त चढवलं, काचेच्या बाटल्यांतून. थेंब पडताना बघायची. एक बाटली मालकांच्या एका ओळखीच्यानं दिली, एक दामूभाऊजींनी, आणि एक कोणी दिली ते मला कधीच कळलं नाही. कोणत्या जातीचं, कोणत्या गावचं, बाईचं की बाप्याचं. कधी हातावरची शीर फुगलेली दिसली की त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडते.

रक्त थांबल्यावर बेरियमचा फोटो काढला. खडूच्या पाण्यासारखं पांढरं, गिळगिळीत काहीतरी पाजतात आणि पोटाचा एक्सरे घेतात. त्यात पोटाचा आकार उमटतो. जिथं अल्सर आहे, म्हणजे आतून पडलेली जखम, तिथं पांढरं साचतं. माझ्या पोटात एक मोठी खळी दिसली.

डॉक्टरांनी फोटो खिडकीवर धरून मला समजावलं. म्हणाले, "पोटात जेवण पचवायचं आम्ल असतं. ते पोटालाच खाऊ नये म्हणून आतून एक चिकट अस्तर असतं, भिंतीला लिंपण असतं तसं. ही गोळी ज्या वाटेनं गुडघ्याची सूज उतरवते त्याच वाटेनं ते लिंपण पातळ करते. गोळी वाईट नाही. लाखो लोक घेतात. पण थोडे दिवस, जेवून, विचारून. मिश्री, तंबाखू चालू, पोट रिकामं, आणि महिनोन् महिने गोळी, मग भिंत उघडी पडते. रक्त पोटात साचलं की काळं होतं. वरून आलं तर चहापत्तीसारखं, खालून गेलं तर डांबरासारखं. त्याला आम्ही मेलेना म्हणतो."

मी विचारलं, "साहेब, कोणी अशानं मरतं का?"

"वेळेवर आलं नाही तर मरतं."

मग मी त्यांना वत्सलाची सगळी हकिकत सांगितली. कांदा, कोरा चहा, पदरातली पुडी, काळी ओकारी, बैलगाडी. ते ऐकत राहिले. सिस्टर बोलवायला आली तिला हातानं थांबवलं.

म्हणाले, "मी त्या बाईला पाहिलेलं नाही. खात्रीनं नाही सांगू शकत, आणि आता कोणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही सांगता तसंच असेल, तर मला यात विष दिसत नाही. मला तुमच्याच शेजारची खाट दिसते."

माझ्या शेजारची खाट त्या दिवशी रिकामी होती. लाल घोंगडी घडी करून ठेवलेली. पुढं मी तिथं होते तोवर मला त्या खाटेकडे पाठ करून झोपता आलं नाही. वाटायचं, पाठ केली तर वत्सलाला वाटेल आक्कापण तोंड फिरवते.

दामूभाऊजी पुन्हा भेटायला आले. रक्त दिलेल्या हाताला कापसाचा बोळा तसाच चिकटलेला. "जयभीम वैनी, बऱ्या हात ना?" म्हणून खाली मान घालून स्टुलावर बसले. मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. मला वाटलं माणूस सुटेल. इतकी वर्षं गावाची बोटं झेलली त्यानं.

ते मग म्हणाले, "वैनी, म्या तिला कधी बोट लावलं नाय."

"मला ठाऊक आहे, भाऊजी."

"पण गोळ्या मीच आणायचो. बाजारातून. कंबर लय दुखायची तिची. पोटात आग पडती म्हणली तर म्हणलं, घे अजून येक." आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आलं की उगीच सांगितलं. गावानं दिलेला खोटा डाग बरा होता का, या खऱ्या काट्यापेक्षा? मी म्हटलं, "तिचं दुखणं थांबावं म्हणून आणत होतात ना? मग तेवढंच धरा." ते मान हलवत राहिले. पटलं की नाही देव जाणे.

रेखाला सांगायचं बाकी होतं. ती रोज शाळा सुटल्यावर यायची, स्टुलावर बसायची आणि माझ्या हाताला हात न लावता बघत राहायची. जसं काही मी चोरून निघून जाणार होते. घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना विनंती केली, माझ्यापेक्षा तुम्ही सांगा. त्यांनी तिला फोटो दाखवला, ती खळी दाखवली, गोळीचं सांगितलं. आईबद्दलही, जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढंच.

ते गेल्यावर रेखा म्हणाली, "म्हणजे आईला जायचं नव्हतं?"

मी म्हटलं, "मटकी भिजवली होती गं तिनं."

"माहीत आहे. मीच फडकं धरलं होतं." आणि मग ती रडली. वत्सला गेल्यापासून पहिल्यांदा. त्या वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. एकीनं तर, ओळख ना पाळख, येऊन तिला पोटाशी धरलं.

घरी आल्यावर मालकांनी मला बॅटरी आणून दिली, हातात धरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज बघत जा. मी बॅटरी घेऊन संडासाला निघाले की गंगूबाई विचारायच्या, "काय हो, नथ पडली का काल तिकडं?" मी म्हणायची, "नथ नाही, जीव पडला होता. तुम्ही पण बघत जा." आधी सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकेक जण बॅटरी उसनी मागायला लागली. गंगूबाईंनी तर एकदा दारात येऊन कुजबुजत विचारलं, "हिरवट असलं तर काय हो?" मी म्हटलं, "पालक खाल्ला असेल."

तुम्हीही बघा. लाजू नका. उजेडात बघा. काळं, चिकट, डांबरासारखं दिसलं, वास वेगळा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. सांध्याची गोळी घेत असाल तर जेवून घ्या, आणि किती दिवस ते विचारून घ्या. पोटात आग पडली तर ती गोळी बंद करा आणि डॉक्टरला सांगा, त्या आगीवर तीच गोळी कधी घेऊ नका. आपल्याला वाटतं दुखणं एकच असतं. ते तसं नसतं. वय झालेलं असेल, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचं काही असेल तर आधीच सांगा. आणि दुसऱ्याच्या पदरातली पुडी कितीही गोड लागली तरी आपली समजू नका.

मी विड्या वळणं सोडलं, मिश्री सोडली. मिश्री सोडताना मात्र जीव गेला. गुडघा अजून दुखतो. दुखू दे. दुखतोय म्हणजे मी आहे.

वत्सला येतेच अधूनमधून. कोऱ्या चहाचा वास आला की येते. जीभ दाखवते. पूर्वी मी डोळे मिटून घ्यायची, आता बघते तिच्याकडे.

त्याच वर्षी, थंडी ओसरल्यावर, मी बाजारातून आले तर रेखा ओट्याशी उभी होती आणि ओल्या फडक्याला गाठ मारत होती. मी काही बोलले नाही. तिनं ते टोपल्यात ठेवलं, वर झाकण घातलं आणि म्हणाली, "उद्या नको, परवा करू. मोड नीट येऊ देत."

परवा रविवार होता. दामूभाऊजींना सायखेड्याहून बोलावून घेतलं. रेखानंच फोडणी दिली. आम्ही चौघं जेवायला बसलो. माझी वाटी पथ्याची, वेगळी. भाऊजींनी घास घेतला आणि तो तोंडातच राहिला.

रेखानं बापाला विचारलं, "दादा, आई अशीच करायची?"

त्यांनी तो घास गिळला. "तिखट जास्त घालायची ती. लय तिखट. डोळ्याला पानी यायचं."

रेखा उठली आणि तिखटाचा डबा घेऊन आली.